डेडस्टॉकमधली पेटी

मागल्या मार्गशीर्षात आमच्या गावच्या नाट्यगृहात एका व्याख्यानाला गेलो होतो. अर्धा तास आधीच पोचलो, म्हणून दाराशी रेंगाळत जुन्या नाटकांचे फोटो बघत होतो. फोटोंच्या रांगेखाली भिंतीवर काचेची एक पेटी दिसली. वर हिरव्या पट्टीत पांढरं हृदय आणि त्या हृदयात विजेची नागमोडी रेघ. आत पाटीएवढं एक यंत्र. त्याच्या पारदर्शक झाकणातून आतल्या पाकिटावरची तारीख वाचता येत होती. ती उलटून तीन वर्षं झाली होती. पेटीला छोटं पितळी कुलूप होतं.

दारावरच्या मामांना विचारलं, "मामा, याची किल्ली कुठे असते?"

"मॅनेजरसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये, सर."

"आणि साहेब?"

"ते सहाला जातात."

आमच्याकडे नाटक रात्री साडेनऊला सुरू होतं.

पुढच्या आठवड्यात कार्यालयात जाऊन मी डेडस्टॉक रजिस्टर बघायला मागितलं. जुने कागद बघत फिरणारा माणूस म्हणून मला तिथे ओळखतात, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. नोंद सापडली. लोखंडी कपाट आणि चाळीस प्लास्टिकच्या खुर्च्या यांच्या मध्ये 'हृदय मशीन, १ नग, देणगी' असं लिहिलं होतं. शेऱ्याचा रकाना कोरा होता. देणगी देणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष दरवर्षी जुलैत बदलतो. यंत्र दिलं त्या वर्षीचे अध्यक्ष आता मुलाकडे परगावी असतात. त्यांना फोन केला, तर त्यांना उद्घाटनाचा समारंभ चांगला आठवत होता.

माझं नेहमीचं काम देवस्थान इनामांच्या कागदांचं. मोडी मी तिशीत, नोकरी सांभाळून, घरीच शिकलो. या कागदांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. देवापुढे नंदादीप लावायचा असेल तर देणारा नुसती समई देऊन मोकळा होत नाही. तो तेलाची तरतूद करतो. अमुक जमीन दिली, तिच्या उत्पन्नातून दिवाबत्ती व्हावी, ती अमक्याने करावी, असं कागदावर येतं. सातबाऱ्यावर आजही 'देवस्थान इनाम वर्ग ३' असा शेरा दिसतो, आणि त्यातल्या पुष्कळ जमिनींच्या मुळाशी हे तेलच असतं. त्या सवयीने मी पेटीकडे पाहिलं आणि मनात आलं, हिच्या तेलाचं काय? या प्रश्नापायी वर्षभर भलत्याच विषयात गेलो. वैद्यकातला मी नव्हे. पण नोंदी वाचायची सवय इथे कामी आली. या यंत्राचे दोन इतिहास आहेत. एक शोधाचा. तो पुष्कळांनी लिहिला आहे. दुसरा यादीचा, किल्लीचा आणि तारखेचा. हा लेख मुख्यतः दुसऱ्याबद्दल आहे, पण पहिल्यातून गेल्याशिवाय तिथे पोचता येत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा. हृदयविकाराचा झटका येणं आणि हृदय अचानक बंद पडणं या दोन गोष्टी आहेत. झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, छातीत दुखतंय असं सांगतो. हृदय बंद पडतं तेव्हा माणूस बोलता बोलता कोसळतो, हाकेला ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा आचके येतात. पुष्कळदा त्या क्षणी हृदयातली वीज थांबलेली नसते, बेताल झालेली असते. हृदयाचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात आणि रक्त पुढे जात नाही. याला फिब्रिलेशन म्हणतात. बाहेरून एक मोजका विजेचा धक्का देऊन ही थरथर थांबवायची आणि हृदयाला आपला ताल पुन्हा धरू द्यायचा, एवढंच डिफिब्रिलेटरचं काम. पण वेळ फार थोडा असतो. छाती दाबणंही झालं नाही आणि धक्काही मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. दहा मिनिटांत हिशेब संपतो.

इतिहास शोधताना मला आनंद झाला तो हे कळल्यावर, की यंत्राच्या कितीतरी आधी नोंदवही होती. कालव्यात पडून माणसं बुडत, म्हणून १७६७ साली ॲमस्टरडॅममध्ये बुडालेल्यांना वाचवणारी एक संस्था निघाली. तिच्यावरून १७७४ साली विल्यम हॉज आणि टॉमस कोगन या दोन डॉक्टरांनी लंडनमध्ये तशीच संस्था काढली. तीच पुढची रॉयल ह्यूमेन सोसायटी. थेम्स नदीच्या काठी जागोजागी माणसाला उचलून नेण्याची घरं ठरवली गेली, तिथे उपकरणं ठेवली गेली आणि प्रयत्न करणाऱ्याला बक्षीस दिलं जाऊ लागलं. १७९४ साली हाइड पार्कातल्या सर्पेंटाइन तळ्याकाठी तर यासाठी खास इमारतच उभी राहिली. उपचार मात्र आज वाचवत नाहीत. भात्याने तंबाखूचा धूर आतड्यात सोडणं हा त्यातला एक मान्यवर इलाज होता. पण कुणाला, कुठे, किती वेळाने बाहेर काढलं आणि काय झालं, याचे अहवाल संस्था नियमाने छापत असे. त्याच नोंदींत १७७४ सालची एक हकिकत आहे. लंडनच्या सोहो भागात तीन वर्षांची मुलगी वरच्या खिडकीतून पडली. वैद्यांनी हात टेकले. स्क्वायर्स नावाच्या गृहस्थाने तिच्या अंगाला ठिकठिकाणी विजेचे धक्के देऊन पाहिले. छातीला धक्के दिल्यावर नाडी लागली. तिचं हृदय खरोखर थरथरत होतं की डोक्याला मार लागून ती बेशुद्ध होती, यावर आजचे डॉक्टर वाद घालतात, आणि मला दुसरी बाजू पटते. मात्र अडीचशे वर्षांनी आपल्याला हा वाद घालता येतो, कारण तेव्हा कुणीतरी ते लिहून ठेवलं.

पुढच्या पायऱ्या भराभर सांगतो. १८९९ साली जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की विजेने हृदयाची थरथर सुरू करता येते आणि अधिक जोराच्या धक्क्याने ती थांबवताही येते. १९४७ साली अमेरिकेत क्लीव्हलंड इथे क्लॉड बेक या शल्यविशारदाने शस्त्रक्रियेच्या टेबलावर, छाती उघडी असताना, चौदा वर्षांच्या मुलाच्या हृदयाला थेट धक्का देऊन ते चालू केलं. १९५६ मध्ये बॉस्टनच्या पॉल झोल यांनी छाती न उघडता, बाहेरूनच धक्का देऊन यश आल्याचं प्रसिद्ध केलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवेन हे विजेचे इंजिनिअर याच खटपटीत होते. तारांवर काम करणारे लाइनमन धक्का लागून मरत, म्हणून या संशोधनाला वीज कंपन्यांनीच पैसे पुरवले होते. त्यांच्या प्रयोगशाळेत निकरबॉकर नावाच्या तरुण संशोधकाच्या ध्यानात आलं, की धक्का देण्याआधी जड इलेक्ट्रोड कुत्र्याच्या छातीवर नुसते दाबले तरी रक्तदाब थोडा वर जातो. त्या निरीक्षणातून छाती दाबण्याची पद्धत निघाली आणि १९६० च्या जुलैत ती छापून आली. म्हणजे आज शाळांमधून शिकवलं जाणारं सीपीआर हे एका अर्थी या यंत्राचंच अपत्य.

तोवर यंत्र दवाखान्यात होतं आणि माणसं मरत होती घरी, रस्त्यात, बसमध्ये. ही विसंगती ज्याला सहन झाली नाही त्या माणसाबद्दल थोडं थांबून लिहितो. उत्तर आयर्लंडचे फ्रँक पँट्रिज दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर होते. १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा ते जपान्यांच्या हाती सापडले आणि सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या छळछावणीत गेले. तिथे उपासमारीने होणाऱ्या बेरीबेरीने त्यांचं स्वतःचं हृदय दुखावलं. सुटून आल्यावर त्यांनी हृदयाचाच अभ्यास घेतला. बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये त्यांना दिसलं, की हृदयविकाराने मरणाऱ्यांतले पुष्कळजण दवाखान्याच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. त्यांनी जॉन गेडिस या तरुण सहकाऱ्यासह डिफिब्रिलेटर रुग्णवाहिकेत चढवला. तो मोटारीच्या दोन बॅटऱ्यांवर चाले आणि त्याचं वजन सुमारे ७० किलो भरे. १९६६ च्या आरंभी ही गाडी बेलफास्टच्या रस्त्यांवर धावू लागली आणि १९६७ च्या ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिचा वृत्तान्त आला. अमेरिकेने ती कल्पना लगेच उचलली, त्यांच्या स्वतःच्या देशाने बऱ्याच सावकाश. पँट्रिज तोंडाने तिखट होते असं त्यांचे चाहतेही सांगतात. ७० किलोचं यंत्र दवाखान्याबाहेर काढायला गोड माणूस पुरा पडला नसता, असं मला वाटतं.

दुसरी उडी डॉक्टरशिवाय चालणाऱ्या यंत्राची. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या पोर्टलंड गावी आर्च डायक या शल्यविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हृदयाचा ताल स्वतःच ओळखणारं यंत्र बनवलं. त्याची चाचणी इंग्लंडात ब्रायटनच्या रुग्णवाहिकांतही झाली. आजच्या एईडीचा, म्हणजे स्वयंचलित डिफिब्रिलेटरचा, हा पूर्वज. झाकण उघडलं की हे यंत्र बोलतं. पॅड कुठे चिकटवायचे ते सांगतं, ताल तपासतं, गरज असेल तरच धक्का देतं. गरज नसताना बटण दाबलं तरी धक्का बसत नाही, आणि लोकांच्या मनातली भीती जावी म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

मग शतक संपता संपता दोन अभ्यास आले आणि जगाला खात्री पटली. पहिला जुगारअड्ड्यांतला. अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना हे यंत्र वापरायला शिकवलं गेलं. तिथे छतावर सगळीकडे कॅमेरे, त्यामुळे माणूस कोणत्या क्षणी पडला आणि धक्का कधी दिला हे चित्रफितीवरून मोजता आलं. इतकी नेमकी वेळ वैद्यकाला क्वचितच मिळते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निकालात हृदय थरथरत असलेले १०५ रुग्ण होते. त्यातले ५६ घरी गेले. ज्यांना कोसळताना कुणीतरी पाहिलं आणि तीन मिनिटांच्या आत धक्का मिळाला, त्यांच्यातले ७४ टक्के वाचले. रुग्णवाहिकेची माणसं यायला सरासरी जवळजवळ दहा मिनिटं लागत होती. पत्त्यांच्या टेबलापाशी पडलेला माणूस बऱ्याच दवाखान्यांतल्या रुग्णापेक्षा सुरक्षित होता, असं म्हणायला हरकत नाही.

दुसरा अभ्यास शिकागोच्या विमानतळांचा. १९९९ च्या जूनपासून तिथे भराभर चालत मिनिट-दीड मिनिटात गाठता येतील अशा अंतरांवर यंत्रं लावली. दोन वर्षांत २१ माणसांची हृदयं बंद पडली, त्यातल्या १८ जणांची थरथरत होती, ११ जण शुद्धीवर आणता आले. ज्यांनी यंत्र चालवलं ते बहुतेक वाटेवरचे प्रवासी आणि कर्मचारी. या अकरांपैकी सहांना वाचवणाऱ्यांनी हे यंत्र आधी कधी हाताळलं नव्हतं. त्याच लेखातलं एक वाक्य मात्र बातम्यांत फारसं आलं नाही. चार रुग्णांच्या बाबतीत यंत्र जवळ नव्हतं किंवा पाच मिनिटांत वापरलं गेलं नाही. त्या चौघांतला एकही वाचला नाही.

यानंतर पेट्यांची लाट आली. रेल्वे स्थानकं, मॉल, शाळा, व्यायामशाळा. जपानमध्ये २००२ च्या नोव्हेंबरात राजघराण्यातले ताकामादो हे स्क्वॉश खेळताना कोसळून गेले. सामान्य माणसाने हे यंत्र वापरायला तिथे परवानगी नव्हती, ती २००४ च्या जुलैत मिळाली आणि पाहता पाहता देशभर पेट्या लागल्या. इंग्लंड-अमेरिकेत कुणाचं मूल शाळेत दगावलं की आईबाप वर्गणी काढत आणि पेटी लावत. प्रत्येक पेटीमागे एक दुःख होतं आणि एक समारंभ. समारंभानंतर काय, हे कुणी विचारलं नव्हतं.

ते विचारलं गेलं २०१२ साली फिलाडेल्फियात, आणि विचारण्याची तऱ्हा मजेदार होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉ. रैना मर्चंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहरातल्या एईडींची यादी हवी होती. ती कुणापाशीच नव्हती. शेवटी त्यांनी स्पर्धा लावली. शहरभर हिंडा, दिसेल त्या पेटीचा मोबाइलवर फोटो काढा, जागा कळवा. पहिलं बक्षीस दहा हजार डॉलर. आठ आठवडे चाललेल्या या शोधात ३१३ स्पर्धक आणि गट उतरले आणि ५२८ इमारतींमधून १,४२९ यंत्रं हुडकून काढली. भल्या मोठ्या शहरात, लोकांना दिसावीत म्हणून लावलेल्या वस्तू शोधण्यासाठी खजिन्याचा खेळ मांडावा लागला. यंत्रं विकत घेतली होती, भिंतीवर लावली होती, फक्त आणीबाणीचा फोन घेणाऱ्या माणसाला ती कुठे आहेत हे ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांनी इंग्लंडच्या हॅम्पशायरमधून आकडे आले. ते मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवले आहेत. रुग्णवाहिका सेवेला माहीत असलेली ६७३ यंत्रं त्या परगण्यात होती. वर्षभरात हृदय बंद पडल्याचे १,०३५ फोन आले. त्यातल्या फक्त ४४ वेळा फोन करणाऱ्याला यंत्र हाताशी आहे असं सांगता आलं, आणि गाडी पोचण्याआधी ते आणून प्रत्यक्ष वापरलं गेलं ते १८ वेळा. शेकडा दोनही नाही.

कोपनहेगनचा अभ्यास मला सर्वांत जवळचा वाटला, कारण तो वाचताना आमच्या मॅनेजरसाहेबांचा ड्रॉवर डोळ्यांपुढे आला. डेन्मार्कमध्ये पेट्यांची राष्ट्रीय यादी लवकर तयार झाली. कोपनहेगनमधल्या ५५२ नोंदलेल्या यंत्रांचा नकाशा आणि १९९४ ते २०११ या काळात सार्वजनिक जागी हृदय बंद पडलेल्या १,८६४ माणसांचा नकाशा संशोधकांनी एकमेकांवर ठेवला. कागदावर बघता जवळजवळ २९ टक्के माणसं कुठल्या ना कुठल्या पेटीच्या टप्प्यात पडली होती. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला, त्या वेळी ती इमारत उघडी होती का? चोवीस तास हाती लागतील अशी यंत्रं जेमतेम नऊ टक्के निघाली. संध्याकाळी, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कागदावरच्या संरक्षणातला निम्म्याहून अधिक भाग नाहीसा होत होता. माणसं मात्र सहाला पडायची थांबत नाहीत. त्या अभ्यासातली बहुसंख्य माणसं या अवेळीच पडली होती.

इथवर झाली जागेची आणि किल्लीची गोष्ट. तारखेची गोष्ट याहून दडलेली असते, कारण पेटी बाहेरून तशीच चकचकीत दिसते. या यंत्रात नाशिवंत गोष्टी दोन. एक बॅटरी. यंत्र वापरलं नाही तरी ते ठरावीक दिवसांनी स्वतःची तपासणी करतं, त्यात ती झिजते आणि काही वर्षांत बदलावी लागते. दुसरी गोष्ट पॅड. त्यांच्यावर ओलसर जेल असतं, त्यातून वीज अंगात जाते. दोन-तीन वर्षांनी, कधी थोड्या अधिक काळाने, ते सुकतं. सुकलेला पॅड नीट चिकटत नाही आणि धक्का हवा तसा पोचत नाही. एकदा वापरलेले पॅडही टाकूनच द्यायचे असतात. तापमानाचं बंधन निराळं. बहुतेक यंत्रं शून्य ते पन्नास अंशांच्या आत ठेवायची असतात. थंड देशांत त्यासाठी पेटीत हीटर बसवतात. आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याच्या पेटीत ठेवलं, तर विदर्भातल्या मे महिन्यात आत काय होत असेल याचा विचार लावणाऱ्याने करायचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९९३ ते २००८ या काळात आलेल्या तक्रारी काही डॉक्टरांनी तपासल्या. यंत्र बिघडलं आणि रुग्ण दगावला अशा १,१५० घटना त्यांत होत्या. जवळजवळ निम्म्यांमध्ये दोष पॅडचा, जोडणीचा किंवा बॅटरीचा होता. कारखान्याचे दोष वेगळे. २००५ पासूनच्या दशकभरात कंपन्यांनी १११ वेळा मिळून वीस लाखांवर यंत्रं दुरुस्तीसाठी परत मागवली. परत बोलावलेलं यंत्र परत यायला ते कुणाकडे आहे हे कुठेतरी लिहिलेलं हवं. डेडस्टॉकमधल्या 'हृदय मशीन'ला असलं पत्र कुणी कसं धाडणार?

जपानने हे ओळखून २००९ च्या एप्रिलमध्ये परिपत्रक काढलं. यंत्र लावणाऱ्याने तपासणीसाठी एका माणसाची नेमणूक करावी आणि पॅड व बॅटरी कधी बदलायची त्याची चिठ्ठी यंत्रावरच लावावी. दोन साध्या अटी, एक नाव आणि एक तारीख. इनामाच्या कागदात याहून वेगळं काय असतं!

ब्रिटनची व्यवस्था याहून विस्ताराची, आणि तिचं रूप फार देखणं आहे. तिथल्या खेड्यांत लाल टेलिफोनच्या खोल्या आहेत. त्यातला सर्वांत ओळखीचा नमुना वास्तुशिल्पी जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी १९३५ साली पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त केलेला. मोबाइल आल्यावर त्या ओस पडल्या. टेलिफोन कंपनीने २००८ पासून त्या एक पौंडाला गावांना द्यायला सुरुवात केली. गावांनी कुठे पुस्तकं ठेवली, कुठे फुलझाडं, आणि कित्येक ठिकाणी डिफिब्रिलेटर. आतल्या दिव्यासाठी आलेली वीज पेटीच्या हीटरला पुरते आणि गावातल्या पोरासोरांनाही जागा ठाऊक असते. पण देशात रुग्णवाहिका सेवा चौदा, आणि प्रत्येकीची यादी आपापली. तेव्हा ब्रिटिश हार्ट फाउंडेशनने इतर संस्थांबरोबर २०१९ पासून टप्प्याटप्प्याने देशाची एकच यादी उभी केली. तिचं नाव 'द सर्किट'. २०२१ च्या जूनमध्ये डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन कोपनहेगनच्या मैदानात लाखोंच्या डोळ्यांदेखत कोसळला आणि धक्क्याने परत आला. त्यानंतर या कामाकडे लोकांचं लक्षही गेलं.

या यादीत प्रत्येक यंत्रापुढे एक माणूस लागतो. इंग्रजीत त्याला जे म्हणतात त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, राखणदार. कोकणात आणि गोव्यात राखणदार म्हणजे गावाची वेस सांभाळणारा देव. रात्री तो फेरी मारतो, त्याच्या काठीचा आवाज येतो असं म्हणतात. तिथला राखणदार साधा माणूस असतो. चर्चचा कारभारी, दुकानदारीण, निवृत्त शिक्षक. त्याने पेटीची जागा, उघडण्याची वेळ, कुलूप असेल तर आकडे आणि पॅडची मुदत भरायची. ठरावीक दिवसांनी जाऊन हिरवा दिवा बघायचा आणि 'बघितला' असं कळवायचं. मुदत जवळ आली की त्याला आठवण जाते. आणीबाणीचा फोन आला की समोरच्या कर्मचाऱ्याच्या पडद्यावर जवळची चालू पेटी दिसते. तो फोनवरच्या माणसाला छाती दाबत राहायला सांगतो आणि दुसऱ्या कुणाला तरी पेटीकडे पिटाळतो. पेटी वापरली गेली की तिची नोंद बंद होते. राखणदार नवे पॅड घालून कळवीत नाही तोवर ती कुणाला दाखवली जात नाही. मला यातली ही शेवटची तरतूद सर्वांत शहाणपणाची वाटली. रिकाम्या पेटीकडे धावायला लावून माणसाची तीन मिनिटं खाणारी यादी नसलेलीच बरी.

या व्यवस्थेतही कुरबुरी आहेत. कुलूप असावं की नसावं यावर तिथे अजून वाद चालतो. चोरीची भीती खरी आहे, पण आकडे जुळवताना थरथरणारी बोटंही खरी आहेत. इंग्लंडच्या सरकारने २०२३ पर्यंत सुमारे अठरा हजार सरकारी शाळांना वीस हजारांवर यंत्रं पोचवली. ती दिवसा मुलांच्या कामाची, पण शाळेच्या फाटकाआडची पेटी रात्री शेजारच्या गल्लीला उपयोगी नाही. कोपनहेगनचाच धडा पुन्हा.

आपल्याकडे महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ प्रगत उपचारांच्या. मी त्या सेवेचा ऋणी आहे. माझ्या थोरल्या बहिणीला तिनेच वेळेवर पोचवलं. पण कितीही चांगली गाडी रहदारीतून चार मिनिटांत येईल असं कुणी वचन देऊ शकत नाही. ते लास व्हेगासलाही जमलं नव्हतं. म्हणून पेट्या लागताहेत ते बरंच आहे. सार्वजनिक जागी यंत्र वापरणाऱ्याला कायद्याचं अभय किती, हा प्रश्न मात्र बाकी राहतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलम आलं, त्याने मदतीला धावणाऱ्याला संरक्षण दिलं. ते आहे मोटार अपघातातल्या जखमींसाठी. नाटकाच्या मध्यंतरात कोसळलेल्या प्रेक्षकाचा त्यात उल्लेख नाही. मामांनी मला हाच प्रश्न विचारला होता, त्यांच्या शब्दांत. "सर, मी ते लावलं आणि माणूस गेला तर माझ्यावर येईल का?" यंत्र चुकीचा धक्का देत नाही, हे मी त्यांना समजावलं. कायद्याबद्दल विचारलंत तर वकिलाला विचारून सांगतो, म्हणालो.

नाट्यगृहाच्या पेटीचं पुढे असं झालं. नव्या पॅडचा खर्च कोणत्या शीर्षाखाली घालायचा यावर दोन महिने गेले. दुरुस्ती म्हणावी तर काही मोडलेलं नाही, नवी खरेदी म्हणावी तर वस्तू आधीच दप्तरी आहे. शेवटी नाट्यवेड्या चौघांनी वर्गणी काढली आणि पॅड आले. कुलूप काढून टाकलं. त्याच्या जागी मामांनी आपल्या हाताने मेणाची लाख लावलेली एक दोरी बांधली. पेटी कुणी उघडली तर दोरी तुटलेली दिसते, बाकी अडसर नाही. रजिस्टरच्या कोऱ्या शेऱ्यात आता पॅडची आणि बॅटरीची तारीख आहे, आणि पुढे मामांचं नाव. गावात हिंडून मला आणखी चार पेट्या सापडल्या. त्यांची जागा, वेळ आणि तारखा मी माझ्या वहीत लिहिल्या आहेत, इनामाच्या टिपणांच्याच वहीत, मागल्या बाजूने.

दर सोमवारी सकाळी मामांचा मोबाइलवर फोटो येतो. त्यात फक्त एक हिरवा ठिपका असतो, कधी कधी हललेला. येत्या मार्चअखेर ते निवृत्त होताहेत. त्यांच्या जागी कोण येणार हे कार्यालयाने अजून ठरवलेलं नाही. रजिस्टरमधल्या त्यांच्या नावापुढे एका नावापुरती जागा मी सोडायला सांगितली आहे.